शेवंताक्काने न बसवलेला कोपर

त्या शहरात पोलीस हात खिशात घालून फिरत. ऊन असो, मिरवणूक असो की दोन पेताडांची मारामारी, पोलिसाचे दोन्ही हात खिशात. परगावच्या माणसाला वाटावं, थंडी वाजते की काय बिचाऱ्यांना. थंडी कसली, भीती होती. नदीकाठच्या बाजारातल्या भाजीवाल्या तर मुद्दाम हातगाडी रस्त्याच्या मधोमध लावायच्या, आणि शिपाई हटकायला आला की दंड पुढे करून म्हणायच्या, "लाव की हात. बघू तरी, दिव्यात कुणाचं नाव उमटतंय." शिपाई लालबुंद व्हायचा, खिशातल्या खिशात मुठी आवळायचा आणि पुढे जायचा.

हे सगळं साक्षीकणांचं देणं. साक्षीकण म्हणजे डोळ्याला कधी न दिसणारा, धुळीहूनही बारीक असा कण. पोलिसाची भरती झाली की त्याच्या दंडात एक सुई टोचायची. त्यानंतर जन्मभर त्याच्या तळहाताच्या आणि तळपायाच्या घामातून हे कण पाझरत राहायचे. लाठी विणायची ती घाम टोकापर्यंत ओढून नेणाऱ्या धाग्याची, बुटांचे तळ तसेच. कुणाला आधार दिला, कुणाच्या पाठीवर थाप मारली, तर कण वरच्या वर राहायचे आणि आंघोळीच्या पाण्याबरोबर वाहून जायचे. पण ठरलेल्या मापाबाहेर जोर पडला, की ते समोरच्याच्या कातडीत शिरून बसायचे. मग साबण लावा, रॉकेल लावा, काही उपयोग नाही. त्या कातडीवर साक्षीदिवा धरला की जांभळ्या उजेडात तळवा, बोटं, लाठीचा पट्टा जसाच्या तसा उमटायचा. प्रत्येकाच्या कणांची नक्षी निराळी. त्यामुळे हात कुणाचा आणि जोर किती, दोन्ही कळायचं. कोठडीत मरणारी माणसं मरायची थांबली. दिवा शोधून काढणाऱ्या डॉक्टर नफिसा मुजावर या त्याच शहराच्या लेक, म्हणून गावाने त्यांची हत्तीवरून मिरवणूक काढायचं ठरवलं होतं. त्याच नको म्हणाल्या.

कायदा मात्र एकदा पाय पसरायला लागला की पसरतच जातो. पोलिसांनंतर रखवालदारांना सुई टोचली, मग दवाखान्यातल्या वॉर्डबॉयांना, मग शाळेतल्या कवायतीच्या मास्तरांना. ज्याचा हात धंद्यापायी दुसऱ्याच्या अंगावर पडतो, त्या प्रत्येकाला. शेवटी पाळी आली हाडं बसवणाऱ्यांची, आणि तालीमगल्लीतल्या शेवंताक्का मगदूमच्या दारात सुईवाला येऊन उभा राहिला.

शेवंताक्काची शाळा दुसरीत सुटलेली. सही करायची तर शे आणि वं यांच्यामध्ये ती एकदा दम घ्यायची. पण तिच्या ओट्यावर नामांकित पैलवान लहान पोरासारखे रडून गेले होते. खांदा निखळलेला, मनगट उतरलेलं, घोटा फिरलेला, माणूस ओट्यावर आडवा झाला की आक्का हातातलं काम टाकायची. मग तवा चुलीवर जळो नाहीतर घरात पाहुणे खोळंबोत. निखळलेलं हाड डोळ्यांसमोर असताना तिला घास गिळायचा नाही. तोंडाने फटकळ, पण हाताचा अंदाज असा की एकदा ओढलं की टक् आवाज यायचाच. सुईवाल्याला तिने चांगलंच फैलावर घेतलं. म्हणाली, मी काय कुणाला झोडपते? तो बापडा म्हणाला, "आक्का, झोडपत न्हाई, पण जोर तर लावताच की." तिने दंड पुढे केला.

कायद्यात आणखी एक कलम होतं. ते कुणी फारसं वाचलं नाही, कारण सगळे आनंदात होते. माणूस खोटं बोलतो, कॅमेरा फिरवता येतो, डॉक्टरचा दाखला विकत मिळतो. तेव्हा मारहाणीच्या बाबतीत यापुढे दिव्याखेरीज दुसरा पुरावा धरायचा नाही. हे कलम मागून घेतलं खुद्द पोलीस खात्याने. लोक म्हणाले, बघा, किती सरळ झाले. सरळ झालेला माणूस असा मागून काही घेत नसतो, एवढं शेवंताक्काला कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण तिला कोण विचारतो.

घरात ती आणि तिचा नातू सर्जेराव, दोघंच. आजोबांचं नाव ठेवलेलं, पण हात आजीचे घेऊन आलेला. बावीस-तेवीसचा गडी, आणि बोटं अशी की कातडीवरून नुसती फिरवली तरी आत काय कुठे सरकलंय ते कळायचं. आक्काने त्याला शिकवायला घेतलं होतं. माझ्यामागे ओटा ओस पडायचा नाही, असं ती गल्लीत दहा जणांना ऐकवायची.

एका बाजारच्या दिवशी नदीकाठच्या हातगाड्या हटवायला यंत्र आलं. पोलीस हात खिशात घालून उभे, आणि लोखंडी दात असलेलं यंत्र गाड्या ढकलत निघालेलं. एका म्हातारीची कांद्यांची गाडी उलटायला लागली, तेव्हा सर्जेराव यंत्राच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. बाकी काही केलं नाही, नुसता उभा राहिला. त्याला ठाण्यावर नेलं. आक्का संध्याकाळी डबा घेऊन गेली, तर हवालदाराने बाहेरूनच परत लावली. म्हणाला, सकाळी सोडतो, घरपोच करतो, तुम्ही कशाला त्रास घेता. पोलिसाच्या तोंडात इतकी साखर कुठून आली, हे तिच्या ध्यानात यायला हवं होतं.

सकाळी सडा टाकायला तिने दार उघडलं तर सर्जेराव ओट्यावर पडलेला. पोलिसांची गाडी गल्लीच्या तोंडाशी वळत होती. उजवा खांदा खाली उतरलेला, मनगट फिरलेलं, कोपर सुजून तांब्याएवढा झालेला. पाठीवर आणि दंडावर काळेनिळे पट्टे. हातातली बादली तिथेच ठेवून आक्का गुडघ्यावर बसली. तो ओठ हलवत होता. "आज्जे, नको. नको, हात लावू नको."

आता ओट्यावर येणारा प्रत्येक माणूस नकोच म्हणतो. पैलवान म्हणतात, कीर्तनकार म्हणतात, पन्नास वर्षांत एकानेही व्हय म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं. नको ऐकायचं नसतं, हीच या धंद्याची पहिली शिकवण. तिने खांद्याखाली टाच लावली, कोपराच्या वर-खाली धरून हात ओढला, टक् आवाज आला. मग मनगट. मग पाठीवरून, दंडावरून अंगठे दाबत नेले, बरगडी कुठे सरकली नाही ना ते पाहायला. कोपराचा सांधा मात्र ओढला नाही. सुजलेला सांधा त्याच दिवशी ओढायचा नाही, सूज ओसरली की मगच हात घालायचा, ही तिची रीत. त्यावर आंबेहळद आणि रक्त्याबोळ उगाळून लेप दिला आणि मग कुठे तिने नळावर जाऊन हात धुतले.

दुपारी डॉक्टर नफिसा स्वतः आल्या. लहानपणी सायकलवरून पडून त्यांचाही खांदा याच ओट्यावर बसला होता, त्यामुळे त्या आक्काला आक्काच म्हणायच्या आणि आक्का त्यांना नफे म्हणायची. खिडक्या लावून घेतल्या आणि दिवा पेटवला. जांभळा उजेड सर्जेरावाच्या पाठीवर पडला. पाठभर हात उमटले. दंडावर, खांद्यावर, मनगटावर, जिथे बघावं तिथे पंजे. आक्का पुढे वाकून म्हणाली, "बघ, बघ कसा तुडवलाय मेल्याने." नफिसांनी दिवा आक्काच्या तळहाताशी आणला. तीच नक्षी.

"आक्का," त्या म्हणाल्या, "हे सगळे तुमचे हात आहेत."

सर्जेराव भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिथूनच त्याने एकदा सगळं सांगितलं, आणि मग परत कधी सांगितलं नाही. कोठडीत इन्स्पेक्टर इंगवले आला होता. त्याने खिशातून हात बाहेर काढले, बोटं उघडझाप करून पाहिली आणि म्हणाला, किती दिवस झाले. मारताना तो घाईत नव्हता. शेवटी त्याने कोपर उलटा केला आणि म्हणाला, रडू नको, सकाळी तुझी आजी बसवील.

इंगवले कोण, हे आक्काला सांगायला नको होतं. पोलिसात जाण्याआधी तो याच गल्लीतल्या तालमीत कुस्ती करायचा. गुडघा उतरला म्हणून पाच-सहा दिवस ओट्यावर पडून होता. तिच्या हातची भाकरी खाल्लेली. ओट्यावर माणूस आला की आक्का कशी धावते, काही विचारत नाही, कुणाचं ऐकत नाही, हे त्याने पडल्या पडल्या पाहिलं होतं. सर्जेरावाला दवाखान्याच्या दारात न सोडता आजीच्या ओट्यावर आणून टाकला, तो याच भरवशावर.

आक्काने आपले तळहात उलटेसुलटे करून पाहिले. मग म्हणाली, "म्हणजे त्याचा हात पुसला गेला?"

नफिसांनी मान हलवली. पुसला गेला नाही, झाकला गेला. त्यांनी तिला समजेल असं सांगितलं, आणि चांगलं सांगितलं, कारण शिकलेली असूनही त्या बाईला साधं बोलता येत होतं. भिंतीला एक रंग दिला आणि त्यावर दुसरा, की खालचा दिसत नाही, पण असतो. कातडीचंही तसंच. ती पापुद्र्यांची बनलेली. वरचा पापुद्रा रोज थोडा थोडा झडतो, खालचा वर येतो. आक्काचा जोर मापाबाहेर गेला तो जेमतेम, म्हणून तिचे कण वरच्या पापुद्र्यांत आहेत. इंगवल्याने माप ठेवलं नव्हतं. त्याचे खोल गेलेत. महिनाभरात आक्काचा हात झडून जाईल आणि खालून त्याचा उघडा पडेल.

"मग थांबू की. त्यात काय."

"थांबायचं म्हणजे त्याच्या अंगावर कुणीही जोर लावायचा नाही, आक्का. परत दाब पडला की वरचे कण खाली ढकलले जातात आणि त्याच्यात मिसळतात. मग ते दूध-पाणी. माझ्या दिव्यालाही वेगळं करता यायचं नाही."

आक्काची नजर कोपराकडे गेली. नफिसांचीही गेली. तीन-चार दिवसांत सूज ओसरणार, आणि तेव्हा तो ओढून बसवला नाही तर सांधा आहे तसाच धरणार. आक्काने विचारलं, मोठ्या दवाखान्यात नेला तर? तिथेही ओढायचं म्हणजे दंड दाबून धरायचाच, नफिसा म्हणाल्या. हातमोजे घातले, पट्टे बांधले, यंत्राने ओढला, तरी दाब तो दाब. आणि इंगवल्याचे सगळ्यात खोल ठसे नेमके कोपराच्या वर आणि खाली, धरून उलटा केला तिथेच होते, आणि तिथे आक्काची पकड एकदाच पडली होती. बाकी अंगावर आक्काचे अंगठे इतके फिरले होते की तिथून काही वर येईल याची खात्री नाही.

निर्णय सर्जेरावाने घ्यायचा, असं त्या जाताना दोनदा म्हणाल्या. सर्जेराव म्हणाला, आजी म्हणेल तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंगवले आला. गणवेश कडक इस्त्रीचा, हात खिशात, चेहरा काळजीचा. ओट्याखाली उभा राहून त्याने सर्जेरावाची चौकशी केली. पोरगा रात्री कोठडीतून धडधाकट सुटला, त्याची सही आहे, मग घरी काय झालं कुणास ठाऊक, असं तो आजूबाजूच्या चार माणसांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला. मग आवाज उतरवून आक्काला म्हणाला, "दिवा काय म्हणतोय ते कळलं मला. तुम्ही घाबरू नका. मी काही तुमच्यावर तक्रार करणार न्हाई. घरातला मामला आहे. पोरगं ऐकत नसेल तर वडीलधाऱ्यांचा हात उठतो कधी कधी."

गल्लीतल्या लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा शेवंताक्काला उत्तर न देता घरात जाताना पाहिलं. ज्या बाईने आमदाराला चप्पल दाखवली होती, ती दार लावून आत गेली. निर्णय झाला तो तेव्हा. पुढे लोकांनी त्याला न्यायाची चाड म्हटलं, भाषणांतून काय काय म्हटलं. चाड होतीच. पण त्या बाईचा ताठा दुखावला होता, हेही खरं, आणि दुखावलेला ताठा सुजलेल्या कोपरापेक्षा जास्त ठणकतो.

सूज उतरली. कातडीखाली हाडाचं टोक बाहेर आलेलं डोळ्यांना दिसायला लागलं. आक्काला तर ते डोळे मिटूनही दिसायचं. एक टाच, एक झटका, टक्. पाणी पिण्याइतकं सोपं काम. ती कोपराकडे पाठ करून बसायची. तरी बोटं आपली आपण वळायची, तेव्हा ती उठून कणीक मळायला घ्यायची. घरात खाणारी तोंडं दोन, आणि कणीक वऱ्हाड जेवेल एवढी. शेजारणी न्यायला यायच्या आणि हळूच सर्जेरावाकडे बघून जायच्या.

पहिले काही दिवस त्याने दात आवळून काढले. मग एका दुपारी त्याचा धीर सुटला. ताप चढला होता, हात उशीवर ठेवता येत नव्हता, की खाली सोडता येत नव्हता.

"आज्जे, बसव की गं."

"थोडे दिस राहिलेत बाळा."

"नको मला त्याची फाशी. त्याला सोड. माझा हात बसव."

"फाशी न्हाई होत. नोकरी जाती आणि आत जातो."

"जाऊ दे न्हाईतर राहू दे. आज्जे, तुला येतंय ना? तुला येतंय आणि तू नुसती बघत बसलीस."

ती बघत बसली नव्हती. ती आपल्या दोन्ही हातांवर बसली होती, मांड्यांखाली तळवे दाबून, बोटं बधिर होईपर्यंत. पण पडलेल्या माणसाला तेवढं दिसत नाही. त्याने मग शिव्या दिल्या, आईच्या नावाने हाका मारल्या, शेवटी लहानपणी म्हणायचा तसं आज्जू म्हणाला. आक्काने मांड्यांखालून तळवे काढले नाहीत. त्या दुपारनंतर त्याने तिच्याकडे काही मागितलं नाही, पाणीसुद्धा. डाव्या हाताने स्वतः घ्यायला शिकला.

महिना भरला. नफिसा दिवा घेऊन आल्या, बरोबर कोर्टाची माणसं. खिडक्या लावल्या. पाठीवर धूसर डाग होते, कुणाचे म्हणून सांगता येऊ नयेत असे. दिवा कोपरापाशी आला आणि जांभळ्या उजेडात एक पंजा उमटला, पाचही बोटं स्पष्ट. अंगठ्यापाशी जोर इतका की कोर्टाच्या बाईने नजर वळवली. नक्षी इंगवल्याची. मापाच्या किती तरी पलीकडे.

त्या शहरात दिव्यावरून शिक्षा झालेला हा पहिला इन्स्पेक्टर. खटला चालायला वेळ लागला नाही, कारण दिव्याशी वाद घालता येत नाही. इंगवल्याला नेलं तेव्हा त्याचे हात खिशात नव्हते, बेडीत होते, आणि भाजीवाल्यांनी गाड्या सोडून टाळ्या वाजवल्या. आक्का टाळ्या वाजवायला गेली नाही. ती घरी होती. सर्जेराव शर्ट घालत होता आणि उजवी बाही चढवताना धडपडत होता. कोपर काटकोनात धरला होता, धड सरळ होत नव्हता, धड मिटत नव्हता. बोटं वाळून चालली होती. आता तिने त्याला हात लावला तरी काही बिघडणार नव्हतं. ती पुढे झाली. तो एक पाऊल मागे सरला, रागाने नव्हे, सवयीने.

"राहू दे," तो म्हणाला. "जमतंय मला."

वर्षभरात शेवंताक्काचं नाव राज्यभर झालं. वर्तमानपत्रांत फोटो आला, सभांतून शाली मिळाल्या. आणि एक नियम निघाला. पोलिसांच्या ताब्यातून जखमी माणूस परत आला, तर कोर्टाच्या माणसांपुढे दिवा लागून निकाल हाती येईपर्यंत, मग महिना का लागेना, घरच्यांनी त्याला शिवायचं नाही. मलम चालेल, फुंकर चालेल, जोराचा हात नाही. आमच्या आज्यांच्या काळी कुणाला शिवायचं आणि कुणाला नाही याचे नियम होते. ते पुसायला माणसांच्या पिढ्या गेल्या. आता तेच परत आले, पांढरा कोट घालून, आणि लोकांनी त्यांना ओवाळून घरात घेतलं.

काही वर्षांनी एक दिवस नफिसा ओट्यावर येऊन बसल्या. केस पिकले होते. चहा निवला तरी त्यांनी उचलला नाही. त्यांनी सांगितलं ते असं. मारहाण पुन्हा सुरू झाली आहे, सगळ्या जिल्ह्यांत. पण आता पाठीवर, पायांवर वळ नसतात. आता सांधे मोडतात. खांदा, कोपर, जबडा. पोलिसांना कळून चुकलंय की निखळलेलं हाड समोर असताना घरची माणसं थांबू शकत नाहीत. शंभरातली नव्वद आई-बापं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात घालतात, आणि सुई न टोचलेल्या हाताच्या दाबानेही ठसा फिसकटून बुडतो. जी थांबतात, त्यांचं माणूस जन्माचं लुळं होतं. पोलीस एकच मोडतात आणि पुढचं घरच्यांवर सोपवतात.

"माझा दिवा बरोबर आहे, आक्का," नफिसा म्हणाल्या. "एकदाही चुकलेला नाही. तो हात दाखवतो. थांबायला लावलं कुणी, ते त्याला दिसत नाही."

आक्का म्हणाली, "मग फोड की तो."

"फोडला तर ते परत पाठीवर येतील. आणि माणसं कोठडीत मरायला लागतील."

समोर गल्लीतून दोन शिपाई गेले. त्यांनी आक्काला वाकून नमस्कार केला, हात खिशात ठेवूनच.

आक्काला आता बोलावणी यायची ती वेगळ्याच कामासाठी. कुठे कुणी असं परत आलं की लोक म्हणायचे, मगदूमांच्या आक्काला बोलवा, ती आली की घरच्यांना धीर येतो. ती जायची. काही करायची नाही. पडलेल्या माणसाच्या उशाशी बसायची आणि घरच्यांचे हात धरून ठेवायची. आईला बाहेर न्यायची, बापाला दुसरं काम लावायची, कणीक मळायला द्यायची. याच्यासाठी पुढे लोक तिच्यापाशी शिकायला येऊ लागले. माझ्यामागे हे कोण करणार, असं ती आता म्हणत नसे. करणारे पुष्कळ झाले होते.

फुलबाजारामागच्या वस्तीतून उज्ज्वला नावाच्या बाईचा निरोप आला, तेव्हा भर सकाळ होती. दारात माणसं उभी होती. आत चटईवर सोळा-सतरा वर्षांची मुलगी पडली होती. कॉलेजच्या मोर्चातून उचललेली. डावा खांदा निखळून पुढे आला होता, आणि ती श्वास अर्धा अर्धा घेत होती, पूर्ण घेतला की दुखतं म्हणून. आक्काने एका नजरेत पाहिलं. स्वच्छ उतरलेला खांदा, मोड नाही, सूज अजून चढलेली नाही. याहून सोपा खांदा तिच्या ओट्यावर कधी आला नसेल. आत्ता, या घटकेला ओढला तर संध्याकाळी पोरगी वेणी घालील.

मुलीने तिला ओळखलं. तिचं नाव हाडं बसवणारी म्हणूनच कधी तरी ऐकलं असावं, कारण तिच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. ती म्हणाली, "आजी, लवकर."

आक्का गुडघ्यावर बसली. बसली ते उशाशी नाही, खांद्यापाशी. तिची टाच आपोआप मुलीच्या काखेकडे सरकली, दोन्ही हातांनी मुलीचं मनगट धरलं. कितीतरी वर्षांत त्या बोटांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

"आक्का. हात."

आवाज भिंतीकडून आला. उज्ज्वला तिथे बसली होती. पदर फाडून तिचे दोन्ही हात पाठीमागे खिडकीच्या गजाला बांधले होते. कुणी जबरदस्तीने नव्हे. तिनेच दिराला बांधायला सांगितलं होतं, माझा मला भरवसा नाही म्हणून. तुम्हीच सांगितलेली रीत आहे, असं दीर दारातून म्हणाला, जरा अभिमानानेच. उज्ज्वलाचे डोळे कोरडे होते. तिने मुलीकडे पाहिलं नाही, आक्काच्या हातांकडे पाहिलं.

"दिवा येऊ द्या," ती म्हणाली. "तुम्ही थांबलात. मीबी थांबेन."

मुलगी एकदा आईकडे आणि एकदा म्हातारीकडे बघत होती. तिला अजून कळलं नव्हतं. आक्काने तिचं मनगट सोडलं, पण बोटं मिटेनात, हवेतच तशी वाकडी राहिली. मग ती भिंतीकडे सरकत गेली, उज्ज्वलाच्या शेजारी टेकली, दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि दारातल्या दिराला म्हणाली,

"माझेबी बांध. गाठ घट्ट मार."